पंखांवरचा हिरवा

उद्या सकाळी दादरच्या हॉलमध्ये विमानाला पंख बसवले जातील, आणि खाली जमलेल्या माणसांपैकी कुणीतरी, बहुतेक वायुदलातून निवृत्त झालेले एखादे गृहस्थ, माझ्या मुलाला विचारतील, "हे पंख दुसऱ्या विमानाचे का हो?" जगन वर बघेल. त्याला काहीच वावगं दिसणार नाही. तो हसून म्हणेल, "नाही साहेब, ह्याचेच." आणि सगळे आधी पंखांकडे आणि मग त्याच्याकडे बघत राहतील.

संध्याकाळी माहीमहून परत आल्यापासून हेच डोक्यात घोळतंय. भांडी घासताना घोळत होतं, अंथरूण घातलं तरी घोळतंय.

जगनला हिरवा आणि तपकिरी हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. विटकरी, शेवाळी, मेंदी, चॉकलेटी, सगळे त्याला एकाच मातीतले वाटतात. आमच्या घराबाहेर हे कुणाला ठाऊक नाही. तो काम करतो तिथल्या मालकाला तर नाहीच. आणि उद्याचं विमान हे त्याचं स्वतःचं म्हणावं असं पहिलं काम आहे. मिग-एकवीस, खऱ्याच्या आठव्या हिश्शाचं, उंच माणूस आडवा झोपावा एवढं लांब, आणि लढाऊ विमानाला असतात तशी हिरवी-तपकिरी ठिगळं अंगभर.

जगनचे वडील, शामराव, परळच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होते. वरून कापडाचा तुकडा यायचा आणि अगदी तोच रंग कढईत उतरवायचा असायचा. उतरला की नाही हे ठरवायला मास्तर शामरावांना हाक मारायचा. पाळी संपवून ते घरी आले की नखांच्या कडांना त्या दिवसाचा रंग असे. गॅलरीतली पोरं त्यांचे हात धरून ओळखायची. आज मोरपंखी! आज डाळिंबी! जगन दर वेळी काहीतरी भलतंच सांगायचा. पोरं हसायची, तोही हसायचा. मी शाळेत शिकवणारी बाई, बी.ए. झालेली, पण मलाही वाटायचं की हा मुद्दाम करतो.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा तो नववीत होता. सुरुवातीला शामराव रोज गेटवर जायचे. मग एक दिवसाआड, मग फक्त सभा असेल तेव्हा. चाळीतल्या कितीतरी खोल्यांना कुलपं लागली, माणसं कोकणात गेली. महापालिकेच्या शाळेतला माझा पगार चालू होता म्हणून आम्ही टिकलो. पण दिवसभर घरात बसून राहणं शामरावांना जमेना. ते जगनला घेऊन बाहेर पडायचे. जिथे फुकट जाता येईल तिथे. भाऊच्या धक्क्यावर बोटी बघायला, चौपाटीवर, कुठे प्रदर्शन असेल तर तिथे. त्या वर्षी एका मैदानावर सैन्यदलांचं प्रदर्शन भरलं होतं आणि त्यात खरंखुरं मिग उभं केलेलं होतं. हे दोघे रांगेतून पुढे जायचे, विमान बघायचे आणि परत रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहायचे. शेवटी तिथला जवान, साताऱ्याकडचा होता, त्याने विचारलं, "काय काका, विकत घ्यायचा विचार आहे का?"

"घेतलं असतं," शामराव म्हणाले, "पण चाळीत लावणार कुठं? नळाच्या रांगेत?"

जवान हसला आणि त्याने जगनला दोरीच्या आत घेतलं. विमानाच्या अंगाला हात लावू दिला. रात्री जेवताना जगन सांगत होता, ते नुसतं गुळगुळीत नाही, त्यावर खिळ्यांच्या बारीक डोक्यांच्या ओळी आहेत, बोटांना लागतात. शामराव त्याच विमानाच्या रंगाबद्दल बोलत होते. "हिरवा दिसतो, पण निव्वळ हिरवा नाय. काळा मारलाय त्यात." एकाच वस्तूचं वर्णन दोघे करत होते आणि दोघांची वर्णनं कुठेच एकमेकांना भेटत नव्हती. तेव्हा मला ते लक्षात आलं नाही.

मिगचं अंग सरळ नळकांड्यासारखं असतं आणि तोंडाशी टोकदार शंकू. सूत गुंडाळायची लाकडी बॉबिन अगदी तशीच दिसते. घरात दोन-चार बॉबिना होत्या, जगन लहानपणी त्या भोवऱ्यासारख्या फिरवायचा. त्यातल्या एकीला त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पंख लावले. ते त्याचं पहिलं विमान. मग लाकूड तासून दुसरं केलं, मग तिसरं. संप कधी संपला हे कुणी जाहीर केलं नाही. शामरावांना परत बोलावणं आलं नाही एवढंच. ते एका इमारतीवर वॉचमन म्हणून जायला लागले आणि जगन बारावी झाला.

वायुदलात भरती व्हायचं त्याने ठरवलं होतं. वैमानिक नव्हे, विमानांची देखभाल करणारा. तेवढ्यावर तो खूश होता. लेखी पास झाला, धावण्यात पास झाला. वैद्यकीय तपासणीच्या दिवशी दुपारीच घरी आला आणि शर्टसुद्धा न काढता भिंतीला टेकून बसला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"नाय घेतलं."

"का पण?"

"रंगीत ठिपक्यांचं पुस्तक असतं. त्यातला आकडा वाचायचा. मला दिसलाच नाय."

"अरे मग चष्मा लागला असेल. आपण डोळे तपासून..."

"चष्म्याने नाय होत, आई. जन्मापासून असतं. त्यांनी सांगितलं."

शामराव उठले. त्यांनी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. मिलमधून जमवलेले कापडांचे तुकडे तिच्यात होते, पत्त्याएवढे. ते सगळे त्यांनी फरशीवर मांडले.

"हिरवा उचल."

जगनने तपकिरी उचलला.

"ठेव. आता मेंदी दे."

जगनने विटकरी दिला. मी काहीतरी बोलणार होते, शामरावांनी मला हाताने थांबवलं. बराच वेळ हे चाललं. एक मागायचा, दुसरा मिळायचा. निळा मात्र जगन बिनचूक उचलायचा, फिकट असो की गडद. शेवटी शामरावांनी तुकडे गोळा केले.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "मला वाटलं, काय मोठं झालं. मला इंग्रजी वाचता येत नाय, तर तुझी आई वाचून दाखवते. तुला दिसत नाय ते मी बघीन."

पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं की हे आईच्या बाजूने मुलाकडे येतं. माझे वडील झाडावरचा आंबा पिकला की नाही हे बोटाने दाबून बघायचे, ते मला एकदम आठवलं. कुणी मला कधी बोल लावला नाही. तरी जगनचं काही अडलं की मी स्वतःच स्वतःला बोल लावते.

रंगखात्यात सुताच्या लडीवर कागदाची चिठ्ठी टिकत नाही, कढईत विरघळून जाते. म्हणून लडीच्या दोऱ्याला गाठी मारायची पद्धत होती. किती गाठी म्हणजे कुठला रंग, हे त्या खात्यातल्या माणसांना पाठ. शामरावांनी तीच पद्धत घरी आणली. रंगाची बाटली आली की तिच्या गळ्याला दोरा बांधायचा. एक गाठ तपकिरी, दोन गाठी हिरवा, तीन केशरी. जगन न बघता बोटांनी गाठी चाचपायचा आणि रंगवायचा. त्याची त्या काळातली विमानं अजून माळ्यावर आहेत. पंखांवरचं केशरी-पांढरं-हिरवं चक्र प्रत्येकावर अचूक आहे.

नोकऱ्या त्याने नाना केल्या. झेरॉक्सचं दुकान, कुरिअर, एका प्रेसमध्ये कागद मोजणं. लग्नाची बोलणी एक-दोनदा झाली, पण हा पहिल्याच भेटीत विमानांबद्दल बोलायला लागायचा आणि मुलीकडची माणसं एकमेकांकडे बघायची. शामराव वॉचमनच्या कामावरून आले की वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसायचे. एप्रिल आला की चाळीच्या गच्चीवर पिंपात निळा रंग उकळायचा. जयंतीच्या पताका शामराव स्वतः रंगवायचे, बाजारातला निळा दोन उन्हात उतरतो म्हणायचे. जगन काठीने पिंप ढवळायचा. "ह्या एका रंगात मला कुणी गंडवू शकत नाय," असं तो मंडळाच्या पोरांना सांगायचा आणि पोरांना वाटायचं, हा जयभीमचाच काहीतरी जोश आहे.

मग त्याला माहीमला हेरंब सामंतांच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. बिल्डरांसाठी, आर्किटेक्टसाठी इमारतींची मॉडेलं करतात तिथे. जगनला त्यांनी झाडं लावायला ठेवलं. रंगवलेल्या स्पंजचे चिमटीएवढे तुकडे तारेच्या खोडावर चिकटवायचे आणि टॉवरच्या भोवती बाग उभी करायची. बरोबर काम करणारा दत्तू त्याला माळीबुवा म्हणायला लागला. "काय माळीबुवा, आज खत घातलं का?" स्पंजच्या पिशव्या जगन आधी घरी आणायचा, शामराव गाठी मारून द्यायचे. डोळ्यांबद्दल पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि मग सांगायची वेळ निघून गेली.

एकदा तिथे परळच्या एका टॉवरचं काम आलं. जागा शामरावांच्याच मिलची. जगनने वडिलांना मुद्दाम बघायला नेलं. शामराव मॉडेलभोवती फिरले, वाकले, हवेतच बोटाने अंतरं मोजली आणि एका निळ्या चौकोनापाशी थांबले.

"हे काय आहे?"

"स्विमिंग पूल," जगन म्हणाला.

"हितं आमचं रंगखातं."

दत्तूने विचारलं, "काका, वाईट वाटलं काय?"

"वाईट कशाला? पाणी तिथं पहिल्यापासून होतंच. आता निदान स्वच्छ असेल."

ही गोष्ट ते अजून सांगतात आणि अजून स्वतःच हसतात.

गेल्या वर्षी माजी सैनिकांच्या एका संस्थेने सामंतांना विचारलं की आमच्या हॉलसाठी मिगचं मॉडेल कराल का. सामंत नाहीच म्हणणार होते. इमारती करणारी माणसं आम्ही, विमान कुठून करणार? तेव्हा जगनने घरून आपलं एक जुनं विमान पिशवीतून नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं. सामंतांनी ते हातात घेऊन बघितलं, उलटं करून बघितलं आणि म्हणाले, "हे तू केलंस? आणि मी तुला झाडं लावायला बसवलंय?" त्यांनी शब्द दिला. हे काम नीट झालं तर विमानं, जहाजं, संग्रहालयांची कामं जगनकडे, आणि झाडं दुसरा कुणीतरी लावेल.

सात-आठ महिने त्याने दुसरं काही केलं नाही. पोटातला सांगाडा लाकडाचा, वरून फायबरचं कवच. प्रदर्शनात बोटांना लागलेल्या त्या खिळ्यांच्या ओळी उमटवायला त्याने गजराच्या घड्याळातलं दातेरी चाक काढून त्याला मूठ बसवली आणि पट्टीच्या कडेने ते फिरवत राहिला. वैमानिकाच्या समोरच्या तबकड्यांत केसाएवढे काटे बसवले. चाकं जिथे पोटात शिरतात तिथल्या नळ्या, तारा, सगळं केलं, जे हॉलमध्ये खालून मान वर करून बघणाऱ्यालाही धड दिसणार नाही. मागच्या तोंडाला जळलेल्या धातूची झाक यावी म्हणून मेणबत्तीची काजळी चोळली. अंगावरच्या बारीक इंग्रजी सूचना मी त्याला वाचून, समजावून दिल्या. विमान वरून कसं दिसतं त्याचा मोठा आराखडा वर्कशॉपच्या भिंतीवर लावला होता. त्यावर ठिगळांच्या नुसत्या रेघा होत्या. पुस्तकातलं रंगीत चित्र समोर ठेवून प्रत्येक ठिगळात मी अक्षर लिहिलं, हिरव्याला 'हि', तपकिरीला 'त'. जगन 'हि' बघून दोन गाठींचा डबा उचलायचा.

विमानाचं अंग आधी रंगवून झालं. तेवढ्यात रंग संपला. पंख राहिले होते. जगनने दुकानातून दोन नवे डबे मिसळून आणले. झाकणावर दुकानदाराने काही लिहिलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पेपर तपासत बसले होते. शामराव गॅलरीत डबे घेऊन बसले आणि नेहमीसारखा दोरा बांधून त्यांनी ते जगनकडे दिले.

आज मी जगनला जेवणाचा डबा द्यायला माहीमला गेले. रात्री तो तिथेच थांबणार होता, शेवटचा हात फिरवायला. दारातून पंखांसकट विमान जात नव्हतं, म्हणून अंग कालच हॉलवर नेऊन छताला टांगलंय. पंख सकाळी टेम्पोने जाणार आणि तिथेच बसवणार.

"या मावशी," दत्तू म्हणाला, "पंख बघा. आता ह्याला माळी म्हणायची सोय राहिली नाय."

"तू म्हण रे," जगन म्हणाला. "पायलट म्हणालास तर मलाच कळायचं नाय कुणाला हाक मारतोयस."

पंख लाकडी घोडीवर ठेवलेले होते, ट्यूबलाइटच्या खाली. फार सुंदर दिसत होते. मी जवळ गेले, खिळ्यांच्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि सहज भिंतीवरच्या आराखड्याकडे नजर गेली. पंखाच्या मुळाशी माझ्या अक्षरात 'हि' लिहिलं होतं. पंखाच्या मुळाशी तपकिरी होता. मी टोकाकडे बघितलं. तिथे 'त' होतं आणि रंग हिरवा होता. दुसरा पंख बघितला. तोही तसाच. एकूण एक ठिगळ उलटं.

अंगावरचं हिरवं ठिगळ पंखावर सरकतं, ते सलग दिसायला हवं. उद्या पंख बसवल्यावर ते जिथे जोड आहे तिथे सुरीने कापल्यासारखं तुटेल. दोन्ही बाजूंना. इथे पंख सुटे आहेत म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दत्तूला आणि सामंतांना हिरवी-तपकिरी ठिगळं दिसतात, तेवढी त्यांना पुरे आहेत.

"काय बघतेस, आई?"

"पंख."

"कसे झालेत?"

सामंत बाजूलाच उभे होते. "बाई," ते म्हणाले, "उद्या तिथे सगळे निवृत्त अधिकारी येणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, ज्या माणसाने केलंय त्याला तुमच्यासमोर उभा करतो."

"छान झालेत," मी म्हटलं.

त्यांच्यासमोर दुसरं काय बोलणार होते? सामंत जगनला घेऊन उद्याच्या तयारीचं बोलायला आत गेले. दत्तूने मला बसस्टॉपपर्यंत सोडलं. बसमध्ये मी स्वतःला समजावत होते की दिव्याचा दोष असेल, नवा रंग सुकताना बदलत असेल. पण हिरव्याचा तपकिरी होत नाही.

घरी आले तेव्हा शामराव गॅलरीत बसले होते.

"नव्या डब्यांना गाठी कशावरून मारल्यात?" मी विचारलं.

"कशावरून म्हणजे? बघून."

"अहो, खरं सांगा."

त्यांनी गॅलरीतून खाली मान वळवली. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होईना. ती चालू होऊन निघून गेली.

"झाकण काढून उजेडात धरलं," ते म्हणाले. "दोन्ही सारखेच काळपट. मग वास घेतला. खात्यात मला वासावर कळायचं. पण ह्या डब्यांना दोघांना एकच वास, थिनरचा."

"मग?"

"मग मारल्या."

"कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं की. तू दिसतेस. गडद रंग तेवढे एकात एक जातात. गेल्या पावसाळ्यात धुकं आलं ते गेलंच नाय."

चहा बशीबाहेर सांडायचे, पायरी चुकायचे, तांदळातला खडा त्यांना सापडायचा नाही. मी सगळं वयावर ढकललं होतं.

"मला विचारायचं होतं," मी म्हटलं. "मी घरातच होते."

"तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मग पोरगं उद्यापासून तुलाच विचारणार. मिल गेली, वॉचमनकी गेली. संध्याकाळी हा पिशवी घेऊन येतो, 'बाबा, जरा बघा' म्हणतो. तेवढंच आता."

मी आत येऊन भाकरी टाकायला घेतल्या. थोड्या वेळाने ते दारात येऊन उभे राहिले.

"ऐक. त्याला फोन कर. सांग, अक्षरं लिहिताना माझ्याकडून पंखांवरची उलटी पडली. 'हि' असेल तिथं एक गाठीचा डबा मार, 'त' असेल तिथं दोन गाठींचा. बरोबर बसेल. ड्युको रंग आहे, तासात सुकतो. तुला तो काही बोलायचा नाय."

सगळं त्यांनी गॅलरीत बसल्या बसल्या जुळवलं होतं. आणि ते खरंच जमण्यासारखं आहे. जगन म्हणेल, "काय गं आई, तू पण," आणि कामाला लागेल. पंख सकाळपर्यंत बरोबर होतील. सामंतांना कळणार नाही, अधिकाऱ्यांना कळणार नाही. शामरावांचं नाव कुठेच येणार नाही.

जेवताना मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी ते होच धरलं असावं, कारण त्यांनी नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

तेव्हापासून मी हे खोटं सगळ्या बाजूंनी तपासून बघतेय. माझ्यावर आळ येईल, त्याचं मला काही नाही. पण हे विमान झालं की जहाज येईल. जगन नवे डबे घेऊन घरी येईल, हे गॅलरीत बसून दोरा बांधतील, आणि मी रोज चोरून डबे उघडून बघणार का? मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो, हॉस्पिटल इथून चालत जाण्याएवढं जवळ आहे. पण हे आपल्या पायांनी जायचे नाहीत. कुणाला माहीतच नसेल तर नेणार कोण? आणि जगन. त्याने सामंतांना आपल्या डोळ्यांबद्दल सांगावं की न सांगावं हे त्याने ठरवायचं. मी सांगून मोकळी होणार नाही. सांगितलं तर ते त्याला पुन्हा झाडांवर बसवतील का, याची मला भीती वाटते, आणि ती खोटी आहे असं मला कुणी सांगू शकत नाही. पण ठरवायला त्याच्याजवळ खरी माहिती तरी हवी. तो गाठ चाचपतो आणि पुढे जातो. ती गाठ बरोबर आहे की नाही हे बघायचा दुसरा कुठलाही मार्ग त्याच्याजवळ नाही. दुसऱ्या कुणाला मी थाप मारली तर तो उद्या आपल्या डोळ्यांनी खरं-खोटं करू शकेल. जगन रंगाच्या बाबतीत आमच्या शब्दावर चालतो. त्याला तिथेच खोटं सांगायचं, हे मला जमणार नाही.

शामराव भिंतीकडे तोंड करून पडलेत. झोपलेले नाहीत. झोप लागली की त्यांचा श्वास जड होतो, तसा झालेला नाही.

खाली नाक्यावरचा पीसीओ अजून उघडा असेल. तिथून बोलले तर यांच्या कानावर काही पडणार नाही. मी चपला घातल्याही होत्या. पण मग सकाळी जगन यांच्यासमोर येऊन उभा राहील आणि मी त्याला काय सांगितलं, कुठल्या शब्दांत सांगितलं, हे यांना ठाऊकच नसेल. ते मला बरं वाटत नाही. जे सांगायचं ते यांना ऐकू येईल असंच सांगायला हवं, म्हणजे यांना काही बोलायचं असेल तर हात पुढे करून फोन मागता येईल.

वर्कशॉपमध्ये जगन एकटाच आहे, फोन तोच उचलेल. अक्षरं बरोबर आहेत, गाठी चुकल्यात, बाबांना दिसत नाहीये, एवढं सांगायचं. पंखांवर ठिगळांच्या कडांना चिकटपट्ट्या लावायला घे, डबे उघडून ठेव, मी टॅक्सी करून निघतेय, कुठला डबा कुठला ते मी बघून सांगते.

चपला काढून ठेवल्या. फोन यांच्या उशापाशीच आहे. दिवा लावते आणि नंबर फिरवते.